मनगटापेक्षा मोठं घड्याळ

मनगटी घड्याळ मुळात बायकांचा दागिना. 1868 साली पाटेक फिलिपनं बांगडीसारखं घड्याळ केलं ते एका हंगेरियन सरदारणीसाठी. पुरुषांची घड्याळं तेव्हा खिशात, साखळीला. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिसा चाचपायची सवड नव्हती, म्हणून ते पुरुषांच्या मनगटावर आलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. आमच्या वाट्याला मग नखाएवढी तबकडी आली. आकडे दिसायचे नाहीत; पण बाईला वेळ बघून करायचंय काय, असा हिशेब असावा!

पुरुषांचंही फार मोठं नव्हतं म्हणा. पाटेकचं 1932 चं 'कालात्रावा' अवघं 31 मिलिमीटर. मोठी असत ती कामाची घड्याळं. इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पानेराईनं केलेलं 47 चं, जर्मन वैमानिकांचं तर 55 चं, जाड कोटाच्या बाहीवरून बांधायचं. अंधारात काटा दिसला पाहिजे, एवढंच त्यामागचं कारण.

आपल्याकडे 1961 पासून एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगलोरात घड्याळं केली. खानदेशात लग्न ठरलं की सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही सासऱ्याच्या नावावर लिहिलेली यादी. म्हणजे जावयाच्या मनगटावरची वेळ मुलीच्या बापाच्या पैशांनी चालायची. पुढे टायटन आली, सोनेरी, किल्ली न द्यावी लागणारी. तिची 2002 ची 'एज' साडेतीन मिलिमीटर जाडीची. जितकं पातळ तितकं भारी, असा तो काळ.

तिकडे युरोपात मात्र उलटं सुरू झालं होतं. 1993 साली ऑडेमार पिगेनं 42 मिलिमीटरचं घड्याळ काढलं, 2005 साली हुब्लोनं 44 चं. क्वार्ट्झनं वेळ स्वस्त केली होती, मोबाइलनं ती फुकट केली. घड्याळाला आता दिसण्याचंच काम उरलं.

ही लाट पांडेसऱ्यातही पोचली. इथं जीआयडीसीत कापड रंगवायच्या, छापायच्या मिल्स. बारा-बारा तासांच्या पाळ्या, वाफ, रंगाचं पाणी. नंदुरबार, धुळे, जळगावकडची पोरं कामावर घड्याळ घालतच नाहीत. तिथली वेळ मिलची. घड्याळ रविवारचं, आणि उधन्याहून गावाकडची गाडी पकडतानाचं. गावात कुणी "कितला वाजनात?" विचारलं की हात असा पुढे करायचा की पाराच्या दुसऱ्या टोकालाही दिसावं.

त्यांतलं एक घड्याळ मी दुरुस्तीवाल्याकडे उघडलेलं पाहिलं. एवढ्या थोरल्या डब्यात यंत्र रुपयाच्या नाण्याएवढं, भोवती जागा भरायला प्लास्टिकचं कडं, आणि तीन छोट्या तबकड्यांपैकी दोन नुसत्या छापलेल्या. हसू आलं खरं. पण हे यादीतलं नव्हतं, पोरानं पगारातून घेतलेलं होतं. सासऱ्याच्या अस्सल एचएमटीपेक्षा मला हे नकली बरं वाटतं.

आता मुलीही तेच मागतात. गेल्या दिवाळीआधी फूटपाथवरचा विक्रेता एका खडे लावणाऱ्या पोरीपुढे गुलाबी, नाजूक घड्याळ पुन्हा पुन्हा सरकवत होता. "हे लेडीज आहे, ताई." तिनं काळं, भलंमोठं उचललं, पट्ट्याच्या तीन कड्या काढायला लावल्या आणि घासाघीस करून वीस रुपये कमी दिले.