पाण्याचे तीन थेंब : चिनी अक्षरांच्या अभ्यासात शिरताना

वर्णमाला नसलेल्या लिपीचा शब्दकोश लावायचा कसा? इ.स. १०० च्या सुमारास श्यू शन या पंडिताने नऊ हजारांहून अधिक चिनी अक्षरं ५४० गटांत लावली आणि प्रत्येक गटाच्या डोक्यावर एक खूण ठेवली. या खुणेला चिनीत ‘बूशौ’ म्हणतात, जपानीत ‘बुशु’. पुढे १६१५ मध्ये मेइ यिंगत्स्वो याने हे गट २१४ वर आणले, १७१६ च्या खांगशी कोशाने ते रूढ केले. जपान-कोरियातल्या अक्षरकोशांचा पायाही तोच.

नव्या अभ्यासकाने सुरुवात ८५व्या खुणेपासून करावी, असं मला मनापासून वाटतं. ही पाण्याची खूण. सुटी असताना चार रेघांची; अक्षराच्या डाव्या अंगाला आली की तीन थेंबांची, दोन खाली उतरणारे आणि तिसरा वर उचललेला. समुद्र, सरोवर, घाम, अश्रू, पोहणं, धुणं, सगळीकडे हेच थेंब. ‘हानत्झ’, ‘कांजी’, ‘हांजा’ ही या लिपीची तिन्ही नावं ज्या अक्षराने सुरू होतात त्यातही ते आहेत, कारण हान हे राजघराण्याआधी एका नदीचं नाव होतं.

उजवी बाजू बहुधा उच्चार सुचवते. श्यू शनने याचं उदाहरण म्हणून ‘च्यांग’ आणि ‘ह’ ही अक्षरं दिली. दोन्हींचा अर्थ आज नदी. मुळात ती यांगत्से आणि पीत नदीची नावं. ‘च्यांग’ची उजवी बाजू सुटी वाचली तर आज ‘गोंग’ होते. उच्चार शतकानुशतकं सरकत गेले, अक्षराची जोडणी टिकली. प्राचीन चिनी भाषेचे ध्वनी शोधणारे अभ्यासक अशाच जोड्यांचा माग काढतात, आणि या क्षेत्रातलं खरं थरारक काम तेच.

खूण म्हणजे अर्थ, असं मात्र धरून चालू नये. ‘कायदा’ या अक्षरात पाणी का? श्यू शनच्या मते, कायदा पाण्यासारखा समपातळीत राखायचा म्हणून. ‘मद्य’ या अक्षरात तीन थेंब स्पष्ट दिसतात, तरी खांगशी कोशात ते मद्यकुंभाच्या खुणेखाली आहे. नवशिके इथे हमखास अडतात. बूशौ ही कोशकारांनी लावलेली व्यवस्था आहे, आणि ती बदलतेही. १९५० च्या दशकातल्या लिपिसुधारणेत चीनने ‘ठरवणे’, ‘कमी करणे’ या अक्षरांतला एक थेंब काढला. दोन थेंबांची खूण बर्फाची. त्यामुळे चिनी कोशात ही अक्षरं बर्फाकडे गेली, जपानी कोशात पाण्याकडेच राहिली. पुढची प्रकरणं वाचताना दोन्ही देशांचे कोश हाताशी असू द्यावेत.