आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना

स्वदेशात मिळालेला मोटार चालविण्याचा परवाना परदेशातील अधिकाऱ्यांना वाचता व ओळखता यावा, यासाठी आंतरराष्ट्रीय कराराने ठरविलेल्या नमुन्यात दिले जाणारे पूरक पत्र म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना होय. मूळ परवान्यातील मजकूर यात अनेक भाषांत दिलेला असतो. हे पत्र स्वतंत्रपणे ग्राह्य नसते; मूळ परवाना सोबत बाळगावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपात मोटारी देशांच्या सीमा ओलांडू लागल्या, तेव्हा चालकांची परीक्षा, वाहनांची नोंदणी व रहदारीचे नियम देशोदेशी भिन्न होते. त्यांत काही एकसूत्रता आणण्यासाठी ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिस येथे पहिला करार झाला. त्यानुसार चालक व वाहन या दोहोंसाठी मिळून एकच प्रवासपत्र देण्यात येऊ लागले. चालकाचे किमान वय १८ वर्षे ठरले. वाहनाच्या मागे देशाची आद्याक्षरे असलेली लंबवर्तुळाकार पट्टी लावणे आवश्यक झाले. रस्त्यातील उंचसखलपणा, वळण, चौक व रेल्वे फाटक यांसाठी चार धोकासूचक चिन्हे निश्चित झाली. समोरून येणाऱ्या वाहनास कोणत्या बाजूने वाट द्यावी, हे मात्र स्थानिक रूढीवर सोपविण्यात आले.

पॅरिस येथेच १९२६ मध्ये झालेल्या करारान्वये वाहनाचे प्रमाणपत्र व चालकाचा परवाना वेगळे करण्यात आले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९४९ चा जिनीव्हा करार व १९६८ चा व्हिएन्ना करार झाले. व्हिएन्ना करार १९७७ मध्ये अंमलात आला. सर्व देशांनी हे सर्व करार स्वीकारलेले नाहीत. जपानमध्ये जिनीव्हा कराराच्या नमुन्यातील परवानाच मान्य होतो, तर चीनच्या मुख्य भूमीवर आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही. त्यामुळे प्रवासापूर्वी संबंधित देशातील नियम पाहणे अगत्याचे ठरते.

परवान्याची गरज वाढण्यास भाड्याच्या मोटारींचा धंदा कारणीभूत झाला. वॉल्टर जेकब्झ यांनी १९१८ मध्ये शिकागो येथे फोर्ड कंपनीच्या बारा मोटारी घेऊन असा धंदा सुरू केला. त्यातूनच पुढे हर्ट्झ ही कंपनी उदयास आली. १९४६ मध्ये वॉरन एव्हिस यांनी डिट्रॉइटजवळील विमानतळावर मोटारी भाड्याने देण्यास आरंभ केला. विमानातून उतरलेला प्रवासी त्यामुळे अपरिचित देशातही तासाभरात मोटार चालवू लागला. अपघातातील नुकसानभरपाईसाठी यूरोपात १९५३ पासून ‘हिरवे पत्र’ ही विमापद्धती सुरू झाली. भाड्याच्या मोटारीस विमा असला, तरी ठराविक रकमेपर्यंतचे नुकसान बहुधा भाडेकरूसच सोसावे लागते आणि मोटार दुसऱ्या देशात नेण्यास मालकाची अनुमती घ्यावी लागते.

परवाना, चिन्हे व विमा यांत अशी एकसूत्रता आली, तरी रहदारीची बाजू देशोदेशी भिन्नच राहिली. भारत, ब्रिटन व जपान येथे वाहने डावीकडून, तर फ्रान्स, जर्मनी व अमेरिका येथे उजवीकडून जातात. ही सवय बदलणे किती अवघड असते, हे स्वीडनच्या उदाहरणावरून दिसते. तेथील जनतेने १९५५ च्या सार्वमतात उजवी बाजू मोठ्या बहुमताने नाकारली होती. तथापि शेजारी देशांशी मेळ राखण्यासाठी ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता सर्व रहदारी उजवीकडे वळविण्यात आली. प्रारंभीचे काही महिने चालक अतिशय सावध असल्याने अपघात घटले. सुमारे दोन वर्षांत सावधपणा ओसरला व अपघातांचे प्रमाण पूर्ववत झाले. परदेशी चालकाची स्थिती अशीच असते. गर्दीत इतर वाहने त्यास योग्य बाजू दाखवितात. परंतु मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपावरून निघताना किंवा चौकात वळताना जुनी सवय उफाळून येते. शिवाय उजव्या बाजूच्या रहदारीत, चिन्हे नसलेल्या चौकात सामान्यतः उजवीकडून येणाऱ्या वाहनास अग्रक्रम असतो, याची त्यास कल्पना नसते.

भारताने जिनीव्हा करार १९६२ मध्ये स्वीकारला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये वैध भारतीय परवाना असणाऱ्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून हा परवाना मिळतो. त्याची मुदत कमाल एक वर्ष असते. तो मिळविण्यासाठी वेगळी चालनपरीक्षा द्यावी लागत नाही. म्हणजेच धारकास स्वदेशात वाहन चालविण्याची अनुमती आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. परक्या रस्त्यावर चालविण्याचे कौशल्य त्यास आहे, असे नव्हे. हे कौशल्य त्यास प्रत्यक्ष रस्त्यावर, मंद वेगाने व सावधपणे वाहन चालवूनच मिळवावे लागते.