वनाश्रित कुटुंबांचे दारिद्र्यमापन (अहिल्यानगर जिल्हा)

जंगलालगतच्या कुटुंबांची गरिबी व सुस्थिती मोजण्याच्या पद्धती. जिल्ह्यात हा प्रश्न प्रामुख्याने अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांचा आहे. येथील घर भात, नागली, वरई, उन्हाळ्यातला बाळहिरडा, रानभाज्या, सरपण आणि नारायणगाव पट्ट्यातील हंगामी मजुरी यांवर चालते. यातले बरेचसे बाजारात जातच नाही; म्हणून केवळ रोख मिळकत विचारणारी पाहणी अपुरी पडते. एकाच महिन्याचा हिशेब घेतला, तर हिरड्याच्या मोसमात तेच घर बरे दिसते आणि श्रावणात कणगी रिकामी झाल्यावर हलाखीचे.

२००२ च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या गणनेत १३ प्रश्नांना प्रत्येकी ० ते ४, असे एकूण ५२ गुण होते. कपडे, जेवणाच्या वेळा, कर्ज, स्थलांतराचे कारण हे त्यात आले. वनोपजाला स्वतंत्र रकाना नव्हता, ही मोठी उणीव होय. बोगोर येथील आंतरराष्ट्रीय वनसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने २४ देशांतील सुमारे ८,००० घरांची तिमाहीवार पाहणी झाली. उत्पन्नातील सुमारे २२ टक्के वाटा जंगलाचा निघाला (२०१४).

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. दोन वेळचे जेवण, मुलांचे शिक्षण व औषधोपचार यांचा खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, असा निकष गावाने स्वतः ठरवला. १९९५ मध्ये तेथे १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० पर्यंत ३ उरली. अकोल्यातील ग्रामसभांना असा निकष ठरवताना हिरड्याची झाडे मालकीची की वनखात्याच्या हद्दीतली, हेही विचारावे लागेल.