पंखांच्या शिरा वाचणारा पंतोजी

रानांत पानावर लगबगीनें धांवणारी इवलीशी काळसर माशी पाहून आपण तिला क्षुद्र समजतों. वस्तुतः ती पुष्कळदां शिकारीस निघालेली असते. अशा माशीचें कूळ ओळखावयाचें कसें? लिनीअसनें १७५८ सालीं साऱ्या द्विपंखी कीटकांची वांटणी अवघ्या दहा वंशांत केली. पुढें फाब्रिसिउसनें मुखावयवांवरून वर्गीकरण मांडलें. परंतु एवढ्याशा जीवाचें तोंड उलगडून पाहणें कर्मकठीण. ही अडचण दूर केली योहान विल्हेल्म मायगेन (१७६४–१८४५) ह्या जर्मन पंतोजीनें. श्टोलबर्ग गांवीं फ्रेंच शिकवून तो उदरनिर्वाह करी. पंखांवरील शिरांची मांडणी, माशीची चिरफाड न करतां, भिंगांतून वाचतां येते, हें त्यानें हेरलें. १८०३ सालीं त्यानें स्थापिलेल्या वंशांपैकीं ‘हायबॉस’ व ‘टॅकिड्रोमिया’ हे दोन शिकारी माश्यांचेच: पहिलीची मागची मांडी जाड, तर दुसरी झाडाच्या खोडावर धांवण्यांत चपळ. उतारवयांत त्याला आपला संग्रह पॅरिसच्या संग्रहालयास विकावा लागला. जन्माची पुंजी अशी परदेशीं गेली. पण त्यानें दिलेली दृष्टि कोणास विकतां येण्याजोगी नव्हती. आजही रानांत भिंग घेऊन बसणारा अभ्यासक प्रथम पंखांच्या शिराच न्याहाळतो.