भांग, गांजा, चरस : एका रोपाची कायद्यातली वाटणी

इंदापूर तालुका नीरा आणि भीमेच्या बेचक्यात आहे. भीमेपलीकडे नगर आणि सोलापूर, नीरेपलीकडेही सोलापूर. बारामतीकडून नीरा ओलांडली की सातारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यांपैकी नगर आणि सातारा जिल्ह्यांत गांजा उघड पिकत होता. नराची झाडं वेळीच ओळखून उपटायची, मादीला बी धरू द्यायचं नाही, म्हणजे फुलोरा चिकाने भरतो, हे त्या शेतीचं खरं कसब. अबकारी खात्याला त्यातून महसूल मिळे.

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गांजा-भांगेबद्दल प्रश्न निघाला आणि १८९३ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. १,१९३ जणांच्या साक्षी घेऊन त्याने १८९४ मध्ये सांगितलं : बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण पुरे. आयोगाने बाजारातलीच वाटणी घेतली. पान म्हणजे भांग, मादीचा फुलोरा म्हणजे गांजा, चीक म्हणजे चरस. ही विभागणी दुकानदारांची आणि करवसुलीची होती. वैद्याची गरज तिच्या मुळाशी नव्हती.

वैद्यांचा हिशेब वेगळा होता. आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर याने शरीरभर झटकन पसरणाऱ्या द्रव्यांत भांगेचं उदाहरण दिलं. ग्रहणी या पोटाच्या विकारावरच्या जातीफलादि चूर्णात ती आजही आहे. कलकत्त्याच्या डॉ. ओशॉनेसींनी १८३९ मध्ये धनुर्वात आणि तान्ह्या मुलाच्या झटक्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. अमेरिकेत २०१८ मध्ये याच वनस्पतीतल्या कॅनाबिडिऑलपासून केलेल्या औषधाला मंजुरी मिळाली, तीही लहानपणीच्या दुर्धर अपस्मारासाठी. मधली जवळपास १८० वर्षं मला अस्वस्थ करतात.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाला हेरॉईनसोबत सर्वांत कडक यादीत बसवलं. आपला १९८५ चा अमली पदार्थ कायदा त्याच कराराची व्याख्या चालवतो : शेंड्यांशिवायची पानं आणि बी बाहेर, फुलोरा आणि चीक आत. गांजा एक किलोपर्यंत असला तर अल्प प्रमाण, वीस किलोंच्या वर व्यापारी प्रमाण. पण केंद्राने सोडलेलं पान महाराष्ट्रात मोकळं नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगही मादक द्रव्य ठरते.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला त्या कडक यादीतून काढलं. भारताचं मत काढण्याच्या बाजूने पडलं. आपल्या कायद्याच्या आठव्या कलमातही वैद्यकीय आणि शास्त्रीय कामाची वाट पहिल्यापासून ठेवलेली आहे, आणि लागवडीची परवानगी देण्याचा अधिकार दहाव्या कलमाने राज्याला दिला आहे. तो अधिकार राज्याने औषधासाठी, नेमक्या मोजमापाने वापरायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. आज मात्र इंदापुरातल्या उसाच्या फडात कुणी विनापरवाना गांजा लावला, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो.