व्हॅनिला, कॉफी आणि एक गुलाम मुलगा

हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस रेयुनियन नांवाचें एक डोंगराळ बेट आहे. फ्रान्सपासून हजारों कोस दूर असलेलें हें बेट आजहि फ्रान्सचाच एक भाग आहे. तेथील घरांत एक जुनी चाल अद्याप टिकून आहे. महाराष्ट्रांतील घरांत मुरांब्याच्या बरणीला जें मानाचें स्थान असतें, तेंच तेथें एका कांचेच्या बरणीला असतें. उंसाच्या पांढऱ्या मद्यांत, म्हणजे रममध्यें, व्हॅनिलाच्या एकदोन शेंगा उभ्या चिरून टाकावयाच्या. त्यांच्याबरोबर मूठभर भाजलेल्या कॉफीच्या बिया आणि बेताची साखर घालावयाची. बरणीचें तोंड घट्ट बंद करून ती कांहीं महिने उजेडापासून दूर ठेवावयाची. आणि मग पाहुण्यांचें जेवण आटोपलें म्हणजे तें पेय लहानशा प्याल्यांतून पुढें करावयाचें, असा हा प्रघात आहे. या मुरलेल्या रमला तेथें 'रम आरांजे' म्हणतात.

कॉफी, व्हॅनिला आणि मद्य यांचा असा मेळ इतर देशांतहि लोकप्रिय आहे. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ प्रांतांत १९३६ सालीं निघालेलें 'कलुआ' हें मद्य याच जातीचें होय. मोठ्या शहरांतील हौशी यजमान आज घरींच कॉफीचा कडक अर्क, मद्य, व्हॅनिला आणि बर्फ एका झांकणाच्या भांड्यांत घुसळून असें पेय सिद्ध करतात. परंतु रेयुनियनच्या बरणीची गोष्ट निराळी आहे. तींत पडणारा प्रत्येक पदार्थ त्या बेटाच्या मातींत पिकत आला आहे, आणि प्रत्येकाच्या मागें गुलामांच्या श्रमाचा इतिहास आहे. त्यांतील व्हॅनिलाचा इतिहास तर एका बारा वर्षांच्या मुलाच्या बोटांपासून सुरू होतो.

हे पदार्थ एकमेकांशीं इतके जुळतात, याला कारण आहे. कॉफीची कच्ची बी आणि व्हॅनिलाची हिरवी शेंग या दोहोंनाहि स्वतःचा म्हणण्यासारखा सुगंध नसतो. कॉफीचा वास भाजल्यावर उत्पन्न होतो. व्हॅनिलाची शेंग झाडावर सुमारें नऊ महिने वाढते. मग ती गरम पाण्यांत बुडवून काढावी लागते, लोकरीच्या कापडांत गुंडाळून तिला घाम आणावा लागतो, आणि आठवडेच्या आठवडे ती उन्हांत व सावलींत वाळवावी लागते. तेव्हां कुठें ती काळसर, लवचिक आणि सुवासिक होते. तिच्या सुगंधाचें मुख्य द्रव्य व्हॅनिलिन. तें पाण्यापेक्षां मद्यार्कांत अधिक सहज विरघळतें. म्हणूनच शेंग पाण्यांत न भिजवितां मद्यांत मुरवितात. सारांश, या प्याल्यांतील कोणताहि सुगंध निसर्गानें तयार करून हातीं दिलेला नाहीं. तो प्रत्येक वेळीं माणसाच्या हातानें निर्माण करावा लागतो. प्रश्न एवढाच कीं, ते हात कोणाचे?

या बेटाचें जुनें नांव बूर्बों. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीनें १७१५ सालीं येमेनमधील मोखा बंदराकडून कॉफीचीं रोपें आणून तेथें लावलीं. तीं रुजलीं, आणि पुढील कांहीं दशकांत बूर्बोंची कॉफी फ्रान्सच्या बाजारांत पोंचली. जगभर आज 'बूर्बों' या नांवानें ओळखली जाणारी कॉफीची जात ती हीच. पण कॉफीचे मळे वाढले ते मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि कांहीं अंशीं हिंदुस्थान येथून आणलेल्या गुलामांच्या बळावर. १७२३ सालीं फ्रेंच राजानें या बेटांकरितां गुलामांविषयीं स्वतंत्र कायदा जारी केला. त्या कायद्यानें गुलाम ही मालकाची जंगम मालमत्ता ठरली. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं वादळांनीं कॉफीच्या मळ्यांची धूळधाण केली. फ्रान्सच्या हातून साखर पिकविणाऱ्या इतर वसाहती गेल्यामुळें साखरेला भाव आला, आणि बूर्बोंच्या जमीनदारांनीं कॉफी उपटून ऊंस लावला. ऊंस आला तशी साखर आली आणि साखरेच्या पाठोपाठ रमहि वाढली. पीक बदललें, राबणारे हात मात्र तेच राहिले.

व्हॅनिला आली ती सर्वांच्या मागून, आणि फार दुरून. तिचें मूळ स्थान मेक्सिको. सह्याद्रींतील वृक्षांवर पावसाळ्याच्या तोंडीं फुलणारी सीतेची वेणी ज्या आमरांच्या कुलांतील, त्याच कुलांतील ही वेल. व्हेराक्रूझच्या किनारी मुलुखांतील टोटोनाक लोक तिची जोपासना करीत. त्यांना जिंकणारे ॲझ्टेक राजे या शेंगा खंडणींत घेत आणि कोकोच्या पेयांत मिसळीत. १५१९ सालीं कोर्तेस आपलें सैन्य घेऊन मेक्सिकोंत उतरला, आणि त्यानंतर ही शेंग स्पॅनिश लोकांबरोबर युरोपांत गेली. 'व्हॅनिला' हें नांवहि लहान शेंग किंवा म्यान या अर्थाच्या स्पॅनिश शब्दापासून आलें आहे. युरोपांतील सरदारांना तिच्या चवीची गोडी लागली. पण पुढें तीन शतकें तिचा पुरवठा जवळजवळ मेक्सिकोच्याच हातीं राहिला. कारण मेक्सिकोबाहेर कोठेंहि ही वेल नेली तरी ती वाढे, कधीं फुलेहि, पण तिला शेंग धरत नसे.

या वांझपणाचें कारण फुलाच्या रचनेंत आहे. व्हॅनिलाच्या फुलांत पराग आणि त्यांना ग्रहण करणारी कुक्षि हीं एकमेकांच्या अगदीं निकट असतात, पण त्यांच्यामध्यें एक पातळ पडदा असतो. मेक्सिकोच्या अरण्यांत तेथील माशा हा अडथळा ओलांडून पराग पोंचवीत; त्या माशा वेलीबरोबर जहाजांत चढल्या नव्हत्या. त्यांतच हें फूल सकाळीं उमलतें आणि त्याच दिवशीं मावळतें. १८३६ सालीं बेल्जममधील लिएझ येथें शार्ल मोरां या वनस्पतिशास्त्रज्ञानें हातानें परागसिंचन करून शेंगा धरविल्या, आणि दोन वर्षांनीं पॅरिसच्या वनस्पतिउद्यानांत नॉयमान यानेंहि तें करून दाखविलें. शास्त्राचा प्रश्न सुटला. पण त्यांच्या रीती वेळखाऊ आणि अवघड असल्यामुळें मळेवाल्यांच्या उपयोगी पडल्या नाहींत. बूर्बों बेटावर १८१९ ते १८२२ च्या दरम्यान आणलेल्या वेली वाढत राहिल्या आणि रिकाम्याच राहिल्या.

याच बेटावर सेंत-सुझान या गांवीं १८२९ सालीं एदमों नांवाचा मुलगा गुलामगिरींत जन्माला आला. त्याची आई मेलीझ त्याच्या जन्माच्या वेळींच वारली. गुलामाला आडनांव नसे, त्यालाहि नव्हतें. फेरेओल बेलिए-बोमों या जमीनदाराच्या पदरीं तो वाढला. बेलिए-बोमों यास बागकामाचा छंद होता. तो मुलाला बागेंतून हिंडवी, झाडांचीं नांवें सांगे. त्याला लिहिणेंवाचणें कोणीं शिकविलें नाहीं. भोपळ्याच्या वर्गांतील एका वेलीच्या फुलांत हातानें पराग कसे पोंचवितात, हें मात्र मालकानें एकदां त्याला दाखविलें होतें.

१८४१ सालीं एके दिवशीं बेलिए-बोमों आपल्या बागेंत फिरत असतां व्हॅनिलाच्या वेलीवर त्याला एक शेंग दिसली. वीस वर्षें जी वेल रिकामी होती, तिला शेंग! बरोबर असलेल्या एदमोंनें शांतपणें सांगितलें कीं, हें आपण केलें आहे. मालकाचा विश्वास बसला नाहीं. दोनतीन दिवसांनीं दुसरी शेंग दिसली, आणि मुलानें पुन्हां तेंच सांगितलें. तेव्हां मालकानें त्याला कृति करून दाखविण्यास सांगितलें. एदमोंनें फुलाचा ओठ बाजूस सारला, बांबूच्या बारीक काडीनें मधला पडदा उचलला आणि आंगठ्यानें पराग अलगद कुक्षीवर दाबले. सारें काम कांहीं क्षणांचें होतें. भोपळ्याच्या फुलाची रीत इथें चालण्यासारखी नव्हती. आमराच्या फुलाचा गुंता या मुलानें स्वतः न्याहाळून उलगडला होता.

बातमी बेटभर पसरली. इतर मळेवाले एदमोंला बोलावूं लागले, आणि तो गाडींतून मळोमळीं जाऊन तेथील गुलामांना ही कृति शिकवूं लागला. सवयीचा कामगार या रीतीनें एका सकाळीं हजाराच्या आसपास फुलें हाताळूं शकतो. जी वेल शोभेची होती ती व्यापाराची झाली. बूर्बोंची व्हॅनिला मेक्सिकोच्या व्हॅनिलेला मागें टाकून पुढें गेली, आणि तेथून ही लागवड मादागास्कर व कोमोरो बेटांवर पोंचली. १८९८ सालीं या तीन ठिकाणीं मिळून सुमारें २०० टन शेंगा पिकल्या. जगाच्या उत्पादनाचा हा जवळजवळ चारपंचमांश भाग होता.

या संपत्तींतून एदमोंच्या वाट्याला काय आलें? १८४८ सालीं फ्रान्सनें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी नष्ट केली. त्या वर्षींच्या २० डिसेंबरला बूर्बोंवरील सुमारें साठ हजार माणसें मुक्त झालीं, आणि बेटाचें नांवहि पुन्हां रेयुनियन झालें. एदमोंला आल्बियुस हें आडनांव मिळालें. लॅटिन भाषेंतील 'पांढरा' या अर्थाच्या शब्दाशीं तें जोडलें जातें. पुढच्याच वर्षीं फ्रेंच सरकारनें नुकसानभरपाईचा कायदा केला. ही भरपाई गुलाम गमावलेल्या मालकांना होती. ज्यांनीं आयुष्य गमावलें त्यांना कांहींहि नव्हतें. एदमों सेंत-दनी या राजधानीच्या शहरांत स्वयंपाकघरांतील नोकर म्हणून कामास लागला. तेथें दागिन्यांच्या एका चोरीच्या प्रकरणांत त्याला शिक्षा झाली. वसाहतीला त्यानें केवढा लाभ करून दिला आहे याचें स्मरण त्याच्या हितचिंतकांनीं अधिकाऱ्यांना करून दिलें, तेव्हां त्याची मुदतीपूर्वीं सुटका झाली. तो आपल्या गांवीं परतला आणि १८८० च्या ऑगस्टमध्यें दारिद्र्यांत मरण पावला. त्यावेळीं त्या बेटावरील किती तरी श्रीमंत घरें व्हॅनिलेवर उभीं होतीं.

पैसा गेला तो गेलाच. पण शोधाचा मानहि त्याच्यापासून हिरावून घेण्याचा प्रयत्न झाला. जां-मिशेल रिशार या प्रतिष्ठित वनस्पतिशास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, ही कृति आपण १८३८ मध्यें बेटावर दाखविली होती, आणि त्या मुलानें ती कोठें तरी पाहिली असावी. एका निरक्षर गुलाम पोरास असें कांहीं सुचेल, हें त्या काळच्या विद्वानांना मानवत नव्हतें. या वेळीं एदमोंच्या बाजूनें उभा राहिला तो त्याचा पूर्वीचा मालक. बेलिए-बोमोंनें १८६१ सालीं लिहिलेल्या पत्रांत सर्व हकीकत दिली आणि शोधाचें श्रेय निःसंदिग्धपणें एदमोंचें म्हणून नोंदविलें. त्याची ही साक्ष प्रामाणिक होती, आणि तिच्यामुळेंच आज हें नांव ठाऊक आहे. तरी हाच गृहस्थ सात वर्षें त्या शोधकाचा कायदेशीर धनी होता, ही गोष्टहि विसरतां येत नाहीं. ज्याला स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, त्याला स्वतःच्या बुद्धीच्या फळावर तो कोठून असणार?

गुलामगिरी गेल्यावर मळ्यांना मजूर हवे होते. ते करारानें बांधून हिंदुस्थानांतून आणले गेले. रेयुनियनला मुख्यतः तमिळ मुलुखांतील माणसें गेलीं. शेजारच्या मॉरिशस बेटावर मुंबई बंदरांतून कोंकणांतील मराठी कुटुंबेंहि गेलीं, आणि त्यांचे वंशज तेथें अद्याप मराठी सण पाळतात. या मजुरांना कायद्यानें गुलाम म्हणत नसत, पण मळे तेच होते आणि दिवसहि फारसे निराळे नव्हते.

१८७४ सालीं जर्मनींत टीमान आणि हार्मान या रसायनशास्त्रज्ञांनीं पाइन वृक्षाच्या रसांतील द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केलें. आज बाजारांत व्हॅनिला म्हणून जी चव मिळते, तिचा बहुतेक भाग कारखान्यांतला असतो. खरी शेंग त्यामुळें दुर्मिळ आणि महाग राहिली. ती आज सर्वांत अधिक मादागास्करमध्यें पिकते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं भाव चढले तेव्हां कूर्ग आणि केरळमधील कॉफीच्या मळ्यांतहि तिची लागवड पसरली, आणि भाव कोसळतांच ओसरली. पण कोठेंहि ती लावली तरी एक गोष्ट बदलत नाहीं. मूळ देशाबाहेर प्रत्येक शेंगेच्या मागें एक उमललेलें फूल, एक बारीक काडी आणि एका माणसाचा आंगठा असतोच. १८४१ सालच्या त्या कृतींत आजवर फारसा फरक झालेला नाहीं.

सेंत-सुझान येथें एदमों आल्बियुसचें स्मारक आता उभें आहे. परंतु त्याचें खरें स्मारक मळ्यांत आहे. फुलांच्या हंगामांत तेथें रोज सकाळीं स्त्रिया आणि पुरुष वेलींमधून हिंडतात, आणि त्या मुलानें शिकविलेली हालचाल, त्याचें नांव ठाऊक असो वा नसो, पुन्हां करतात. घरीं कॉफीच्या मद्यांत व्हॅनिलाची शेंग चिरून टाकणाऱ्या यजमानाला ती कृति दिसत नाहीं. बरणी उघडल्यावर जो सुगंध दरवळतो, तो मात्र तिचाच असतो. पाहुण्यांपुढें प्याला ठेवतांना त्या मुलाचें नांव एकदां उच्चारलें गेलें, तर दीडशेंहून अधिक वर्षें थकलेल्या ऋणांतला एक लहानसा हप्ता तरी फेडला जाईल.