स्कीच्या तळाचे कातडे

ज्या यवतमाळात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तेथे बर्फावर चालावयाच्या फळ्यांविषयी बोलायचे म्हणजे वक्त्यालाच ऊन लागले की काय, अशी शंका कोणासही यावी. परंतु आपल्याकडची मुले आता नॉर्वेत, कॅनडात, अमेरिकेतील मिनेसोटात नोकरीस जातात. पहिल्या हिवाळ्यात सारा शेजार पायांना लांब फळ्या बांधून रानात निघालेला पाहतात आणि मग स्की घ्यावयास दुकानात जातात. दुकानदार विचारतो, "मेणाची हवी, खवल्यांची हवी, की कातड्याची?" या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते.

ही स्की डोंगरउतारावरून सुसाट खाली येणाराची नव्हे. सपाट व चढउताराच्या मुलखात मजल मारणाराची आहे. येथे उतार फुकटचा वेग देत नाही. एका पायाने बर्फाला रेटा द्यायचा आणि दुसऱ्या पायावर घसरत पुढे जायचे. म्हणजे एकाच फळीने एका क्षणी बर्फ घट्ट धरला पाहिजे आणि पुढच्याच क्षणी तो सोडला पाहिजे. धरणे आणि सोडणे यांचा मेळ कसा घालावा, हाच या फळीचा जुना पेच होय.

त्याचे उत्तर आपल्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या हाताला ठाऊक आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीच्या वेळी बैलाच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे हात फिरवा. तो लोण्यासारखा सरकतो. उलट फिरवा, केस उभे राहून हाताला अडवतात. उत्तरेकडील शिकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट फळीखाली लावली. स्वीडनमध्ये काल्व्हट्रेस्क येथे १९२४ साली सापडलेली स्की पाच हजार वर्षांहून जुनी आहे. चीनच्या तांग राजवटीच्या इतिहासात बर्फावरून 'लाकडी घोडे' चालविणाऱ्या तुर्की टोळ्यांचा उल्लेख येतो. अल्ताई पर्वतातले शिकारी तर आजही सबंध फळीला घोड्याचे कातडे चढवतात. ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूने १५५५ साली रोममध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फळीखालच्या कातड्याचे वर्णन केले असून, चढावर केस उभे राहून माणसाला मागे घसरू देत नाहीत, हे कारणही दिले आहे.

स्कँडिनेव्हियाच्या काही भागांत याहून गमतीचा तोडगा निघाला. एका पायाला लांब, गुळगुळीत फळी आणि दुसऱ्या पायाला आखूड, कातडे लावलेली. लांब फळीने घसरायचे, आखडीने रेटायचे! अठराव्या शतकातील नॉर्वेच्या स्की-पलटणीसुद्धा अशाच विजोड जोडीवर चालत.

ही दोन कामे एकाच फळीत आणण्याचा एक ठळक प्रयत्न फ्रित्योफ नान्सेन याचा. १८८८ साली त्याने ग्रीनलंडचे हिमपठार प्रथमच ओलांडले. त्याने नेलेल्या काही स्कींच्या तळाला पोलादाचा पातळ पत्रा होता आणि पायाखाली पत्र्यात लांबट खाच कापून तीत एल्क या थोरल्या हरणाचे केसाळ कातडे बसविले होते. आज दुकानात मिळणारी कातड्याची स्की रचनेने हीच. नान्सेनच्या तुकडीतील सहांपैकी दोघे, सामुएल बाल्टो आणि ओले राव्ना, सामी जमातीचे होते. बर्फावरचे ज्ञान त्यांच्या घरचे. कीर्ती मात्र नान्सेनची झाली. असो.

पुढे शर्यतींचे युग आले आणि कातडे मागे पडले, कारण केस थोडा तरी वेग खातातच. नॉर्वेच्या पेटर ओस्टब्यू याने १९१३ साली चिकट मेणाचे पेटंट घेतले. बर्फाच्या तपमानाप्रमाणे निरनिराळी मेणे लावणे ही एक विद्याच बनली. पारा शून्याच्या आसपास असून ताजे बर्फ पडत असले, तर भल्याभल्यांचे मेण फसते. १९७४ च्या फालून येथील जागतिक स्पर्धेत लाकडाच्या जागी काचतंतूंच्या स्की पुढे आल्या, आणि त्याच दशकात तळावर माशासारखी खवली कोरलेल्या बिनमेणाच्या स्कीही हौशी लोकांत पसरल्या. त्यांना मेण लागत नाही, पण चालताना घरघरतात. कातड्याची पट्टी खऱ्या अर्थाने परतली ती २०१० नंतरच्या दशकात. खेळाचा इतिहास लिहिणारे विजेत्यांच्या पायाखाली पाहतात. म्हणून मेणाला अध्याय मिळतो आणि कातड्याला तळटीप. सुटीच्या दिवशी दोन तास हिंडणाऱ्या माणसाने शर्यतवाल्यांचे गणित का मांडावे, हे मला आजवर कळलेले नाही.

आपल्या देशातही स्की नवी नाही. गुलमर्गला १९२७ साली स्की क्लब ऑफ इंडिया निघाला, १९४८ साली सैन्याची स्की-शाळा निघाली, आणि २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये नदीम इक्बाल पारंपरिक पद्धतीच्या १५ किलोमीटर शर्यतीत उतरले. पर्वतावर चढताना मात्र फळीच्या सबंध लांबीचे कातडे चिकटवतात आणि उतरताना सोलून काढतात. ते वेगळे. आपली पट्टी हातभरच, कायम पायाखाली.

आता निवडीचे. स्की मध्यभागी टांग्याच्या कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर भार विभागला की मधला भाग बर्फापासून वर राहतो व स्की घसरते. एका पायावर सारा भार टाकला की कमान दबते आणि केस बर्फ धरतात. म्हणून उंचीपेक्षा स्वतःचे वजन पाहून स्की घ्यावी. गुळगुळीत, टणक फरशीवर दोन्ही स्कींवर सारखे उभे राहावे : पायाखाली सारलेला कागद हलला पाहिजे. एका पायावर सर्व भार द्यावा : तोच कागद अडकला पाहिजे. कमान फार ताठ असली तर केस बर्फाला टेकत नाहीत आणि माणूस जागच्या जागी पाय घासतो. फार मऊ असली तर पट्टी सतत घासत राहते. नवशिक्याने ताठपणाचा मोह टाळावा.

पट्टी बहुधा अंगोरा बकरीच्या केसांची, म्हणजे मोहेरची, किंवा तीत नायलॉन मिसळलेली असते. मोहेर अधिक सुळसुळीत, नायलॉन अधिक टिकाऊ. ओल्या बर्फातून कडक थंडीत गेल्यास पट्टीवर बर्फ धरते, म्हणून तिच्यासाठी मिळणारा द्रव आधी लावावा. कडक गोठलेल्या वाटेवर तिची पकड कमी पडते, हेही लक्षात असू द्यावे. पट्टी झिजली की बदलता येते. बदलताना केसांची टोके स्कीच्या शेपटीकडे आहेत ना, एवढे हाताने चाचपून पाहावे.